घोडी कुठं गेली

७ सप्टेंबर

दादा,

एका गंभीर अन्यायाची नोंद व्हावी म्हणून हे पत्र. आमच्या बैठकीच्या खोलीत पुस्तक वाचण्यापुरता उजेड नाही. दिवे दोन आहेत. एक सोफ्याच्या बरोबर मागे छताला टेकून, म्हणजे टीव्हीच्या काचेवर चमक पडू नये. दुसरा टीव्हीच्या पाठीमागे, म्हणजे डोळ्यांना त्रास होऊ नये. ही व्यवस्था बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः वायरमनच्या डोक्यावर उभं राहून करून घेतली होती. आता पुस्तक घेऊन बसलं की पानावर माझ्याच डोक्याची सावली पडते. सरकून बसलं तर खांद्याची पडते. अख्ख्या घरात अक्षर दिसेल असा उजेड फक्त गॅसच्या वर आहे. म्हणून गेले तीन आठवडे मी उभ्यानं वाचते आहे, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात झारा. काल एका पानावर तेल उडालं. पुस्तक ग्रंथालयाचं आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकोणीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितेय. स्वतःची तक्रार लिहायला पहिल्यांदाच बसले, तर भाषा तीच निघाली.

तू म्हणशील, तुझ्या हातात पुस्तक? टीव्ही बिघडला, दादा. दुरुस्तीवाला येऊन घेऊन गेला. भिंतीवर चार भोकं आणि फिकट रंगाचा एक चौकोन राहिलाय. नवरा औषधांच्या दुकानातून दमून येतो, सोफ्यावर बसतो, रिमोट उचलतो, चौकोनाकडे रोखतो, मग माझ्याकडे बघतो. "कधी येणार म्हणाला?" मी म्हणते, "पार्ट मिळत नाहीये." तो म्हणतो, "अच्छा." पहिले आठ दिवस आमचं एवढंच बोलणं झालं, आणि तेही नेहमीपेक्षा जास्त.

पत्र का, असं विचारशील. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सामसूम. पत्राला निळ्या खुणा नसतात. तू वाचलंस असं मी धरून चालू शकते.

बाबा कसे आहेत? आठ महिने झाले, फोन केला की वहिनी म्हणते झोपलेत. सकाळी दहाला झोपलेत, संध्याकाळी सहाला झोपलेत. इतकी झोप त्या माणसाला पुस्तकबांधणीचं दुकान चालू असताना पन्नास वर्षांत मिळाली नसेल.

त्या पुस्तकाबद्दल अजून राग असेल तर तसं लिही. पुस्तक माझ्याकडेच आहे, कपाटात वरच्या फळीवर. उघडलेलं नाही.

कात्री


१९ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही, आमच्या कचेरीत पंधरा दिवसांची मुदत असते.

मला काहीतरी होतंय आणि ते काय आहे ते कळत नाही. परवा वाचता वाचता बसचे तीन थांबे पुढं गेले. चालत परत आले आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. काल टेबलाच्या खणात पुस्तक उघडं ठेवून वाचत होते. समोर एक म्हातारे गृहस्थ नळाच्या तक्रारीचा कागद घेऊन उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी मान वर केली तर म्हणतात, "संपू दे तुमचं पान, मला घाई नाही. पाणी नाहीतरी चार दिवस आलेलं नाही." मी लाजले, कागद घेतला. जाताना विचारतात, "सुटला का तो?" खणातलं उलटं दिसणारं पुस्तक त्यांनी अर्धं पान वाचलं होतं. त्यांचा नळ मी त्याच दिवशी बघायला लावला. अशी लाच मी पहिल्यांदाच घेतली.

घरीही गडबड आहे. नवरा बोलायला लागलाय. काल त्यानं मला त्याच्या लहानपणीच्या एका सायकलची हकिगत सांगितली. सव्वीस वर्षांच्या संसारात मला ही सायकल माहीत नव्हती. मी त्याला सांगावं का, की मी त्याच वेळी एका प्रकरणाच्या ऐन मध्यावर होते? नाही सांगितलं. ऐकली सायकल. बरी होती.

तर आनंद होतोय, हे नक्की. पण आनंद झाला की लगेच चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं. याचं कारण तुला माहीत असेल तर लिही.

आपण लहानपणी कसे वाचायचो, आठवतं? अख्खं पुस्तक आपल्या वाट्याला कधी आलंच नाही. छापखान्यातून सोळा सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे यायचे, बाबा ते ओळीनं मांडून ठेवायचे, आणि शिलाईला घेईपर्यंत वाचायची आपल्याला मुभा. तू मोठा म्हणून पहिला फर्मा तुझा. तोवर मी जो हाताला लागेल तो घ्यायची. पाचवा आधी, मग दुसरा. माणूस मेलेला असायचा आणि मग तो लग्नाला निघायचा. मला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. परत ठेवताना मात्र जागच्या जागी. बाबा शिवण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि ओठ हलवत मोजायचे. "पन्नास वर्षांत माझ्या हातून एक फर्मा सुटला नाही," हे वाक्य आपण त्यांच्या तोंडून जेवढं ऐकलं तेवढं स्वतःचं नाव ऐकलं नसेल. तू खोक्यांच्या कारखान्यात गेलास, मी कचेरीत. ती विद्या त्यांच्यापाशीच राहिली.

मला माहीत आहे, तू इथं दात खाल्ले असशील.

ठीक आहे, लिहिते. त्यांची नजर गेल्यावर रोज साडेआठला फोनवरून मी त्यांना वाचून दाखवायचे. दिवसाला एक फर्मा. पुस्तक त्यांनीच बांधलेलं, डोंगरातल्या टपालवाल्याचं आणि त्याच्या घोडीचं, अठरा फर्म्यांचं. सोळा पानं झाली की ते म्हणायचे, "थांब, गाठ मारू दे." उशाशी शिलाईचा दोरा ठेवला होता, सुईसकट. सहा गाठी झाल्या. सातव्या दिवशी फर्मा नव्हता. शहाण्णव पानानंतर एकशे तेरा. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन घेतला नाही. मग ते तुला घेऊन ग्रंथालयात गेले आणि त्यांनी बांधलेली पुस्तकं मांडीवर घेऊन तीन दिवस नखानं मोजत बसले. ग्रंथपाल बिचारी त्यांना गठ्ठे आणून देत होती, हे तूच सांगितलंस. तू ते फोनवर ज्या आवाजात सांगितलंस तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. शेवटी तू विचारलंस, "खरंच नाहीये का फर्मा? नीट बघ एकदा." मी म्हटलं, "नाही म्हटलं ना." ते आपलं शेवटचं बोलणं.

नीट बघितलं होतं, दादा. एवढंच लिहायचं होतं.

कात्री


३० सप्टेंबर

दादा,

टीव्ही बिघडला नव्हता.

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, "ताई, याला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." तो बराच वेळ टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत होता. आता तो टीव्ही त्याच्या दुकानात चालू असतो, आणि नवरा तिथून जाताना त्याच्यासमोर पाच मिनिटं उभा राहतो, हे मला परवा कळलं. म्हणजे त्याला केव्हाच कळलंय. तरी रोज घरी येऊन विचारतो, "पार्ट मिळाला का?" आणि मी सांगते, नाही. हे आमच्यात काय चाललंय ते मला समजत नाही. भांडण नाही, एवढं खरं.

पण मी विषय टाळतेय.

तेव्हा साडेआठला एक मालिका लागायची. एका खुनाचा खटला, दोन वर्षं चाललेला. मी टीव्हीचा आवाज बंद करून बाबांना वाचायचे. एक डोळा पानावर, एक तिकडे. ओळी गळायच्या. कधी परिच्छेद गळायचा. बाबा काही बोलायचे नाहीत, मी समजायचे की कळत नाही. सातव्या दिवशी निकाल होता. निकाल मुक्यानं बघायचा हे माझ्यानं होईना. मी म्हटलं, "बाबा, दूध उतू जातंय, आले." फोन सोफ्यावर ठेवला आणि आवाज सोडला. दहा मिनिटं. आरोपी बाईला सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात निघालं की तो निकाल स्वप्नात लागला होता, पण ते जाऊ दे.

परत आले तर पुस्तक मिटलेलं. अंदाजानं उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. दोन पानं झाली असतील. बाबा म्हणाले, "थांब. घोडी कुठं गेली?"

टपालवाला पायी चालत होता. घोडीचा पत्ता नाही. मी खाली बघायचं, एक पान मागं उलटायचं, एवढंच काम होतं. मी म्हटलं, "विकली."

"कुणाला?"

"कुणाला ते दिलेलं नाही."

"तो विकायचा नाही. तू मधला फर्मा गाळलास."

बघ दादा, मी चूक म्हणू शकले असते. तेवढ्यात माझं पानाच्या आकड्याकडे लक्ष गेलं. एकशे तेरा. काल शहाण्णववर थांबले होते. बरोबर सोळा पानं. खोटं इतकं मापात बसत असेल तर माणूस काय करणार? मी म्हटलं, "मी काही गाळलं नाही. तुमच्याच बांधणीत फर्मा सुटलाय."

मग ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

मी त्या माणसाला हे सांगितलं. ज्याला आता बघून खात्री करता येत नाही त्याला. आणि पुस्तक माझ्याकडे.

परवा वरच्या फळीवरून ते काढलं. गॅसखाली उभं राहून नाही, नवऱ्यानं आणलेल्या दिव्याखाली. (त्यानं न विचारता एक टेबलदिवा आणला आणि सोफ्याशेजारी ठेवला. "पार्ट मिळेपर्यंत," म्हणाला.) फर्मा जागेवर आहे. सत्त्याण्णव ते एकशे बारा. शिलाई अशी घट्ट की मध्ये केससुद्धा जाणार नाही.

मी तो वाचला. एका बैठकीत, आणि मग परत एकदा. आणि दादा, मला इतका आनंद झाला की मी हुंदके देऊन रडले, आणि यातलं आधी काय आणि मग काय हे मला सांगता येत नाही. रडताना पण पुढचं पान उलटावंसं वाटत होतं. अशा वेळी वाटू नये ना? तुला काय वाटतं?

घोडी कुठं गेली ते लिहीत नाही. ते आधी बाबांचं आहे.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. माझ्यात ती हिंमत नाही. माझी जीभ धारदार आहे असं तुम्ही सगळे म्हणता, म्हणून तर माझं नाव कात्री. पण कापायलाच येतं तिला, बाकी काही नाही.

कात्री


८ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ महिन्यांनी तीन वाक्यं. "मी वाचून दाखवणार नाही. तुझं तू सांग. मी सोमवार ते शनिवार सकाळच्या पाळीला असतो."

मी हे कार्ड अठ्ठेचाळीस वेळा वाचलं. पहिल्या वाक्यात तू रागावलेला आहेस. दुसऱ्यातही. तिसऱ्या वाक्याचं काय करायचं? तू घरी नसशील तेव्हा ये, असं म्हणतोयस, की तू असतोस तेव्हा येऊ नकोस, असं? नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "दोन्हीचं उत्तर सकाळची बस हेच आहे."

या माणसाला टीव्ही असताना कुणी विचारतच नव्हतं.

कात्री


२१ ऑक्टोबर

दादा,

तू कारखान्यातून आलास तेव्हा ओट्यावर एक जादा कप पालथा दिसला असेल. तो माझा. वहिनीनं तुला काय सांगितलं माहीत नाही, आणि तिथं अर्धा वेळ ती आत होती, म्हणून मी लिहिते.

दार वहिनीनं उघडलं. "या वन्सं," म्हणाली, "चपला आत घ्या, शेजारचं कुत्रं नेतं." नऊ महिन्यांनी भेटणाऱ्या माणसाचं याहून सोपं स्वागत मी बघितलेलं नाही. तुमच्याकडे टीव्ही चालू होता. बाबा त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत. वहिनीनं मला बघितलं, माझ्या हातातली पिशवी बघितली, टीव्ही बंद केला आणि चहा टाकायला गेली.

"कोण?" बाबा म्हणाले.

"मी."

"कात्री?"

मी हो म्हटलं आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. बसमध्ये चार तास भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी पुस्तक उभं धरलं, वरच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. ओठ हलत होते. सतरा, अठरा. परत पहिल्यापासून. अठरा. मग पुस्तक मांडीवर आडवं ठेवलं आणि वरून हात फिरवत राहिले.

मी म्हटलं, "बाबा, फर्मा होता. मी..."

"निकालाचं काय झालं?"

मला कळेचना. "कसला निकाल?"

"त्या बाईला सोडून दिलं ना. टाळ्या वाजत होत्या." त्यांचा आवाज अगदी साधा. "फोन तू सोफ्यावर ठेवला होतास. सगळं ऐकू येत होतं."

दादा, त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. दूध नव्हतं, टीव्ही होता, मी कुठून तरी उघडून वाचत होते, सगळं. मी तिथंच जमिनीवर बसले. म्हटलं, "मग ग्रंथालयात कशाला गेलात? तीन दिवस?"

आत चहाला उकळी आल्याचा आवाज येत होता.

"तू सांगितलंस फर्मा सुटलाय. म्हणजे एक तर मी चुकलो, नाहीतर तू तोंडावर खोटं बोललीस. मला वाटलं, माझी एखादी चूक सापडली तर बरं होईल. एक सापडली असती म्हणजे हीसुद्धा माझीच, असं म्हणता आलं असतं."

"सापडली?"

"नाही ना." हे ते असं म्हणाले की जणू त्यांचंच काही राहून गेलं होतं.

मला याचं काय करायचं ते अजून समजलेलं नाही. तू इतके महिने त्यांच्या शेजारी झोपतोस, तुला माहीत होतं का हे? मी तुझ्यावर रागवायचं ठरवून आले होते, बाबांना फोन देत नाहीस म्हणून. वहिनी म्हणाली, ते स्वतःच सांगायचे, झोपलेत म्हण. आणि फोन ठेवला की विचारायचे, आवाज बरा होता का तिचा. आता राग कुणावर धरायचा तेही राहिलं नाही.

चहा आला. बाबांनी बशीत ओतला, प्यायले, तोंड पुसलं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच."

मी सत्त्याण्णव पान उघडलं. खिडकीशी उजेड चांगला होता. वहिनी दारात उभी राहिली ती शेवटपर्यंत तशीच. पुरात पूल आणि नाव दोन्ही वाहून जातात. टपालवाला पत्रांची थैली डोक्याला बांधून दोराला धरून पलीकडे जातो, घोडीला जाता येत नाही. ती अलीकडच्या काठावर नावाड्याकडे राहते. पूल परत कधी बांधत नाहीत. रोज संध्याकाळी टपालवाला त्याच्या काठावर येऊन उभा राहतो आणि अलीकडून नावाडी ओरडून सांगतो, खाल्लं तिनं. बस, एवढंच. सोळा पानं. एकही ओळ मी गाळली नाही. दोनदा आवाज गेला तेव्हा थांबले, आणि जिथं थांबले होते तिथूनच धरलं.

संपलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे विकली नव्हती."

"नव्हती, बाबा."

त्यांनी खुर्चीशेजारच्या खाटेवरच्या उशीखाली हात घातला आणि दोरा काढून माझ्यापुढे धरला. सहा गाठी, पुढं हातभर मोकळा दोरा, सुई अजून ओवलेली. नऊ महिन्यांत त्यांनी तो कापला नव्हता. मी तो परत त्यांच्या हातात देऊ लागले, त्यांनी मान हलवली.

"ही तुझ्याकडे राहिली होती. तूच मार."

सातवी गाठ मी मारली. जरा सैल बसली, वाकडीही. त्यांनी ती चिमटीत धरून तपासली आणि दोरा परत उशीखाली ठेवला. मी कप विसळला आणि अडीचची बस धरली.

पुस्तक घेऊन आले आहे. आठवा फर्मा उद्या साडेआठला. फोन तू उचललास तरी चालेल.

कात्री